केलेलं काम कागदावर

भोसरीत आणि पुढे चाकणला, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या पर्सोनेल खात्यात माझी सगळी नोकरी झाली. मधे कधीतरी खात्याच्या दारावरची पाटी बदलून ‘एचआर’ झाली, काम मात्र तेच राहिलं. माणसं शोधायची, त्यांची कागदपत्रं बघायची, त्यांना रुजू करून घ्यायचं. त्यामुळे बायोडेटा मी लिहिले कमी आणि वाचले फार. निवृत्तीनंतर आता रविवारी सकाळी आकुर्डीच्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसते आणि नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींचे बायोडेटा त्यांच्याचकडून लिहून घेते.

कारखान्यात हा कागद कसा वाचला जातो ते बाहेरच्यांना माहीत नसतं, म्हणून आधी तेच सांगते. आमच्या गेटवर सिक्युरिटी केबिनमध्ये एक खोका ठेवलेला असे. पहिल्या शिफ्टच्या वेळी मुलं यायची, रजिस्टरमध्ये नाव टाकायची, कागद खोक्यात सोडायची आणि पुढच्या कंपनीच्या गेटकडे चालू लागायची. सोमवारी तो गठ्ठा माझ्या टेबलावर येई. लातूर, बीड, नांदेड, परभणी, वाशिम, जळगाव. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, आणि डिप्लोमा मेकॅनिकलवाले तर ढिगाने. त्यातले काही निवडून मी मशीन शॉपच्या मॅनेजरकडे घेऊन जायची. साहेब बसून वाचत नसत. एका हातात चहा, दुसऱ्या हातात कागद आणि कान शॉपमधल्या आवाजाकडे. त्यांची नजर कुठे कुठे जाते ते मी वर्षानुवर्षं शेजारी उभी राहून पाहिलंय. आधी शेवटची कंपनी, मग मशीन, मग तिथे किती दिवस टिकला, मग राहायला कुठे. मोशी, आळंदी, कुरुळी असं काही दिसलं की त्यांना हायसं वाटे, कारण हा माणूस तिसऱ्या शिफ्टला वेळेवर पोचणार. सगळं मिळून अर्धा मिनिट. तेवढ्यात मशीनचं नाव सापडलं नाही की कागद पालथा पडायचा.

आणि बहुतेक वेळा सापडायचं नाही. वर ठळक अक्षरात ‘करिक्युलम व्हिटे’. त्याखाली ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ म्हणून एक लांबलचक इंग्रजी वाक्य, आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या आणि स्वतःच्या प्रगतीला हातभार लावायचा आहे अशा अर्थाचं. मग दहावी, बारावी, आयटीआयचे टक्के. मग ‘हार्ड वर्किंग, पॉझिटिव्ह थिंकिंग’. छंदांत क्रिकेट आणि गाणी ऐकणं. वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, जात, लग्न झालंय की नाही. शेवटी, वरील माहिती खरी आहे अशी घोषणा आणि सही. गठ्ठ्यातल्या कागदामागून कागदावर हेच. आयटीआयच्या बाहेर झेरॉक्स-डीटीपीचं दुकान असतं, त्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर एक फाइल असते, आणि नाव-पत्ता-टक्के बदलून दुकानदार तिची प्रिंट काढून देतो. एकदा बीडच्या एका मुलाच्या घोषणेखाली ‘ठिकाण: उदगीर’ असं छापलेलं होतं. आधीच्या गिऱ्हाइकाचं तसंच राहून गेलेलं. मुलाच्या ते लक्षातही आलं नव्हतं, आणि मी त्याला दोष देणार नाही. हा इंग्रजी कागद त्याच्या लेखी तहसील कचेरीतल्या दाखल्यासारखा. तो मिळवायचा असतो, पैसे भरून आणायचा असतो. तो आपण स्वतः लिहायचा असतो, हे त्याला शाळेत, आयटीआयत, घरी कुणीच सांगितलेलं नसतं.

या मुलांचं इंग्रजी कच्चं म्हणून त्यांचा बायोडेटा कच्चा, असं सगळे म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. गाडी त्याच्या बरीच आधी अडलेली असते. आपण रोज काय काम करतो ते त्यांना मराठीतही सांगता येत नाही, कारण ते सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना कधी कुणी वाटूच दिलेलं नाही. म्हणून रविवारी मी आधी कागद बाजूला ठेवायला लावते आणि बोलायला लावते.

अहमदपूर तालुक्यातला एक मुलगा आला होता. टर्नरचा ट्रेड, चाकणला एका व्हेंडरकडे कामाला. अनुभवाखाली एकच ओळ: सीएनसी ऑपरेटर, अडीच वर्षं. मी विचारलं, “कामावर काय करतोस?”

“काई नाई मॅडम, सीएनसी चालवायलो.”

“शिफ्टला गेल्यापासून सांग. गेलास, कार्ड पंच केलंस, पुढे?”

“पार्ट लावायचा, दार लावायचं, बटन दाबायचं. झाला की काढायचा, दुसरा लावायचा.”

“कसला पार्ट?”

“शाफ्ट असतोय. गिअरबॉक्सचा.”

“आणि तो बरोबर झाला की नाही ते कोण बघतं?”

इथे तो जरा पुढे सरकून बसला. “मीच की. बेअरिंग बसती ना, तिथलं माप वीस मायक्रॉनच्या आत पाहिजे. पाच पार्टमागं एक, स्नॅप गेज लावून बघायचा. डायलचा काटा वर वर सरकायला लागला की समजायचं, इन्सर्ट झिजायलंय.”

“मग सेटरला बोलावतोस?”

“रात्री सेटर कुठून आणायचा मॅडम? मीच ऑफसेट देतो. एक्समधी मायनस पाच, मायनस सात, जसं लागंल तसं. लईच झालं तर इन्सर्टचा कॉर्नर बदलायचा अन् पहिला पार्ट पुन्यांदा चेक करायचा.”

ज्यांचा मशीन शॉपशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं उलगडून सांगते. कापणारं हत्यार, म्हणजे इन्सर्ट, झिजत गेलं की शाफ्टचा बाहेरचा व्यास हळूहळू वाढत जातो. डोळ्यांना काही दिसत नाही. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. गेजच्या काट्यावरून हा कल ओळखायचा, माप हद्दीबाहेर जायच्या आधीच मशीनला ऑफसेट देऊन सांगायचं की आता इतकं जास्त आत ये, आणि हे पहाटे तीन वाजता, झोप डोळ्यांवर असताना. नुसता पार्ट लावणारा-काढणारा ऑपरेटर वेगळा आणि हे करणारा वेगळा. दुसऱ्याला रात्री मशीनवर एकटं सोडता येतं. दोघांच्या पगारात फरक असतो, आणि मशीन शॉपचा मॅनेजर चहा पिता पिता त्या गठ्ठ्यात या दुसऱ्यालाच शोधत असतो. त्याला हवं ते सगळं या मुलाच्या हातात होतं, कागदावर मात्र एक अक्षर नव्हतं.

मग आम्ही त्याच्याच शब्दांतून ओळी काढल्या. कंट्रोल कोणता? फॅनक. लिही. मशीनं किती सांभाळतोस? रात्री दोन. लिही. ड्रॉइंग वाचता येतं? साधं येतं, सगळ्या खुणा कळत नाहीत. मग ‘साधी ड्रॉइंग वाचता येतात’ एवढंच लिही. प्रोग्रॅम करता येतो? नाही. मग तो शब्द कागदावर येऊ द्यायचा नाही. शेवटी तयार झालं ते असं: फॅनक कंट्रोलच्या सीएनसी टर्निंग मशीनवर गिअरबॉक्स शाफ्टचं काम, बेअरिंगचा व्यास 20 मायक्रॉनच्या आत. स्नॅप गेज, मायक्रोमीटर, व्हर्निअर वापरता येतात. इन्सर्ट बदलणं, वेअर ऑफसेट देणं, त्यानंतर पहिला पार्ट तपासणं स्वतः करतो. रात्रपाळीत दोन मशीनं सांभाळतो. इंग्रजीत उतरवताना त्याला फार त्रास पडला नाही, कारण इन्सर्ट, ऑफसेट, गेज, कॉर्नर हे शब्द तर तो रोज दिवसभर बोलतच होता. जोडायला चार क्रियापदं लागली, ती मी दिली.

महिन्याभराने त्याचा फोन आला. मुलाखतीत ऑफसेटबद्दलच विचारलं, अर्धा वेळ त्यावरच गेला आणि त्याने मशीनसमोर उभं राहून करून दाखवलं. यात आश्चर्य काही नाही. समोरचा माणूस कागदावर जे दिसतं त्यावर बोट ठेवून विचारतो. तुम्ही ‘पॉझिटिव्ह थिंकिंग’ लिहिलंत तर तो ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हणणार, आणि त्या प्रश्नाला भले भले गडबडतात. तुम्ही ऑफसेट लिहिलात तर तो ऑफसेट विचारणार.

तारखांचं प्रकरण मात्र याहून अवघड आहे, आणि त्यात मुलांपेक्षा व्यवस्थेचा दोष मोठा. चाकण, रांजणगाव, तळेगाव, कुठेही जा, मुलं सांगतात ‘मी अमुक कंपनीत होतो’, पण कागदोपत्री ती कंपनीत नसतातच. ती कंत्राटदाराकडे असतात. पगाराची पावती असली तर त्याच्या नावाची, पीएफ त्याच्या कोडखाली. कंत्राटदार बदलला की त्याच मशीनवर, त्याच जागी उभ्या असलेल्या मुलाची नोकरी कागदावर संपते आणि दुसऱ्या नावाने सुरू होते. अनुभवाचा दाखला मागायला गेलं तर कंत्राटदाराचं ऑफिस म्हणजे कुठल्यातरी बिल्डिंगमधला एक कुलूप लावलेला गाळा. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या नियमांत सेवा प्रमाणपत्राची तरतूद होती. माझ्या अख्ख्या नोकरीत ते प्रमाणपत्र हातात असलेला कंत्राटी मुलगा क्वचितच समोर आला.

मग मुलं काय करतात? सरळ मोठ्या कंपनीचं नाव लिहितात आणि मधल्या रिकाम्या महिन्यांवर तारखा ओढून घेतात. पूर्वी हे खपून जायचं. आता खपत नाही. 2014 पासून पीएफला यूएएन आला, म्हणजे प्रत्येकाला एकच कायमचा नंबर, आणि कुठल्या आस्थापनेत कधी लागला, कधी सोडलं, हे सगळं त्या एका नंबराखाली दिसतं. रुजू करून घेताना आम्ही तो इतिहास बघायचो. बायोडेटावर जून आणि पीएफमध्ये सप्टेंबर असं निघालं की निवड झालेला माणूस दारातून परत जायचा. मला स्वतःला अशी पत्रं काढावी लागली आहेत, आणि त्यांतली बरीचशी मुलं कामाला उत्तम होती. तीन महिने रिकामे होते एवढं लिहिलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. सोयाबीनच्या काढणीला गावी गेलो होतो, हे कारण चाकणमध्ये प्रत्येक सुपरवायझरला समजतं.

म्हणून कंत्राटी मुलांना मी एकच पद्धत सांगते. आधी ईपीएफओच्या साइटवर स्वतःची सर्व्हिस हिस्टरी उघडायची, तारखा तिथून उतरवायच्या, आणि ओळ अशी लिहायची: अमुक कंत्राटदारामार्फत, तमुक कंपनीच्या चाकण प्रकल्पात, असेंब्ली लाइनवर. त्यात कमीपणा काहीच नाही. काम कुठे केलं तेही कळतं आणि पगार कुणी दिला तेही. दाखला नसेल तर पीएफचं पासबुक, ईएसआयचा नंबर, पगार जमा झालेलं बँकेचं स्टेटमेंट, जुना गेट पास, जे असेल ते एका फाइलमध्ये लावून ठेवायचं. बायोडेटाला जोडायचं नाही, मागितलं की दाखवायचं.

रविवारी येणाऱ्यांत एक गट आमच्या एमआयडीसीबाहेरचा असतो. सदाशिव पेठेत, नवी पेठेत खोली करून राहिलेली, अभ्यासिकेत दिवस काढलेली एमपीएससीची मुलं. त्यांच्या कागदावर 2016 ची पदवी असते आणि त्यानंतर काही नाही. बोलायलासुद्धा ती लाजतात. पहिला प्रश्न ठरलेला: “गॅप कसा लपवू, मॅडम?” मी म्हणते, लपवू नकोस. पुण्यात मुलाखत घेणाऱ्या निम्म्या लोकांच्या घरात एकजण तरी ही परीक्षा दिलेला असतो. एक ओळ लिही: या वर्षापासून त्या वर्षापर्यंत राज्यसेवेची पूर्णवेळ तयारी, मुख्य परीक्षेपर्यंत पोचलो, आता तयारी थांबवली आहे. यातला शेवटचा भाग फार महत्त्वाचा. नोकरी देणाऱ्याला त्या वर्षांचा राग नसतो, त्याला भीती असते की पुढची जाहिरात आली की हा राजीनामा देईल. थांबवली नसेल तर तसं लिहू नये, पण मग त्या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवावं.

आणि या मुलांच्या बाबतीत एक गोष्ट लोक विसरतात. 2020 च्या राज्यसेवेची पूर्वपरीक्षा 5 एप्रिल 2020 ला व्हायची होती, ती पुढे ढकलत ढकलत 21 मार्च 2021 ला झाली. शेवटच्या वेळी पुढे ढकलली तेव्हा पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली होती. ते एक वर्ष त्यांनी वाया घालवलं असं जो म्हणतो त्याने ते वर्ष नीट आठवावं.

त्या काळात गावी परत गेलेली नाशिककडची एक मुलगी, बीएस्सी ॲग्री झालेली. बायोडेटावर पदवीनंतर कोरं. बोलता बोलता निघालं की गावच्या शेतकरी उत्पादक कंपनीत ती दोन हंगाम बसत होती. कांद्याच्या ट्रॅक्टरचं वजन उतरवून घ्यायची, प्रतवारीप्रमाणे नोंद करायची, कुणाचे किती पैसे निघतात त्याचा तक्ता एक्सेलमध्ये ठेवायची, आणि भाव पडल्यावर चिडून आलेल्या शेतकऱ्यांना तोंड द्यायची. “पण ते घरचंच होतं ना मॅडम, काका संचालक होते.” मी तिला म्हटलं, काका संचालक होते म्हणून कांदा आपोआप मोजला गेला नाही. बियाण्यांच्या कंपनीला गावोगाव फिरून शेतकऱ्यांशी बोलणारं माणूस हवं असतं. तिच्या कागदावर पदवीच्या वर, सगळ्यात पहिलं, ते काम आलं.

घरचंच, म्हणून लिहायचं नाही, ही समजूत बायकांमध्ये तर फारच घट्ट. चिंचवडच्या एक ताई आल्या होत्या. बीकॉम, लग्नाआधी एका सीएकडे दोन वर्षं आर्टिकल्सच्या मुलांबरोबर व्हाउचर एंट्री केलेली. मग मुलं, मग सासूबाईंचं आजारपण. आता मुलं मोठी झाली, अकाउंट्समध्ये काहीतरी काम हवं होतं. कागदावर मधली सगळी वर्षं ‘गृहिणी’. मी म्हटलं, “ताई, मिस्टरांचं काय आहे?” तळवड्याला फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप. “बिलं कोण करतं?” “मीच करते, रात्री.” आणि मग एकेक निघत गेलं. टॅलीत एंट्री, जॉबवर्कची चलनं, थकलेल्या पैशांसाठी फोन. 2017 च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा मिस्टर घाबरून गेले होते, यांनी बसून सगळं समजून घेतलं. महिन्याच्या 11 तारखेपर्यंत विक्रीचं विवरण, 20 पर्यंत 3बी, त्याआधी सीएला आकडे पोचले पाहिजेत, हे गणित त्यांच्या बोटांवर होतं. वर बचत गटाच्या सचिव. मासिक वर्गणी, अंतर्गत कर्जाचं रजिस्टर, बँकेचा हप्ता.

हे लिहायला त्या तयारच नव्हत्या. पगार मिळत नव्हता, मग अनुभव कसा म्हणायचा, हा त्यांचा मुद्दा. मला अशा वेळी खरोखर वाईट वाटतं. हेच काम करायला त्या वर्कशॉपने बाहेरचा माणूस ठेवला असता तर त्याला पगार द्यावा लागला असता आणि त्याने तो अनुभव म्हणून बिनदिक्कत लिहिला असता. शेवटी आम्ही ‘कौटुंबिक फॅब्रिकेशन व्यवसायाचे हिशेब आणि जीएसटी विवरणांची तयारी’ असं शीर्षक दिलं, खाली चार ओळी कामाच्या, मग बचत गट, मग लग्नाआधीची नोकरी, आणि अगदी शेवटी शिक्षण. ‘गृहिणी’ हा शब्द त्यांनी स्वतः खोडला. आज त्या चिंचवडमध्येच एका हार्डवेअरच्या घाऊक दुकानात हिशेब बघतात. दुकानाच्या मालकांनी जीएसटीच्या तारखा विचारल्या होत्या म्हणे.

बाकीच्या गोष्टी पटापट सांगते, कारण त्या सोप्या आहेत आणि तरीही त्यांच्यावाचून कागद फुकट जातो. फोन नंबर. मुलं सिम बदलतात आणि बायोडेटावर जुनाच नंबर राहतो. निवड झालेल्या मुलाला फोन लागत नाही म्हणून यादीतल्या पुढच्याला बोलावलेलं मी अनेकदा पाहिलंय. म्हणून घरच्या कुणाचा तरी दुसरा नंबर द्यावा आणि त्या माणसाला तसं सांगून ठेवावं. सध्याचा राहण्याचा पत्ता आधी, गावचा नंतर. आधार आणि पॅनचा नंबर कागदावर कधीही टाकू नये. हे कागद कुठून कुठे फिरतात त्याचा पत्ता लागत नाही, आणि बायोडेटावरचा नंबर बघून ‘नोकरी पक्की, रजिस्ट्रेशन फी भरा’ म्हणून फोन करणारे खूप आहेत. नोकरीसाठी पैसे मागणारा माणूस नोकरी देणारा नसतो.

जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय, लग्न झालंय का, हे सगळं मी काढायला लावते. सरकारी अर्जात आरक्षणासाठी विचारलं तर तिथे जरूर भरावं. खासगी कारखान्याच्या मशीनला त्याच्याशी काही देणंघेणं नाही, आणि वाचणाऱ्याच्या मनात जे काही असेल त्याला आपण आपल्या हाताने वाट करून देऊ नये. आडनाव वाचून चेहरा बदललेले लोक मी निवडीच्या टेबलावर पाहिले आहेत.

आजकाल पहिलं वाचन माणूस करतच नाही. नोकरी डॉट कॉम 1997 मध्ये सुरू झालं, तरी आमच्या गेटवरचा खोका त्यानंतर बरीच वर्षं भरत होता. आता मोठ्या कंपन्यांत सॉफ्टवेअर फाइलमधला मजकूर उचलतं, खाने भरतं आणि जाहिरातीतले शब्द शोधतं. त्याला दोन उभ्या रकान्यांची, चौकटींची, चित्रांची नक्षी नीट वाचता येत नाही. मोबाइलने फोटो काढून केलेली पीडीएफ म्हणजे त्याच्या लेखी बऱ्याचदा कोरं पानच. मराठीत लिहायचं असेल तर युनिकोडमध्ये लिहावं, दुकानातल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की नुसत्या खुणा दिसतात. साधा कागद, एक रकाना, काळी अक्षरं. फाइलला स्वतःचं नाव आणि ट्रेड. जाहिरातीत व्हीएमसी (व्हर्टिकल मशीनिंग सेंटर) म्हटलं असेल आणि तुम्ही व्हीएमसीवर काम केलं असेल, तर ‘मशीनिंग’ असं मोघम न लिहिता तोच शब्द वापरावा. केलं नसेल तर अर्थातच नाही.

कंपन्यांनाही माझं एक सांगणं आहे, आणि आता मी कुणाच्या नोकरीत नाही म्हणून ते मोकळेपणाने सांगते. ‘सीएनसी ऑपरेटर पाहिजे, अनुभव 2 वर्षे, पगार योग्यतेनुसार’ अशी जाहिरात द्यायची आणि मग मुलांना नीट लिहिता येत नाही म्हणून तक्रार करायची, हे बरोबर नाही. कंट्रोल कोणता, काम टर्निंगचं की मिलिंगचं, शिफ्ट किती, पगार किती, कंपनीच्या रोलवर की कंत्राटदारामार्फत, एवढं आधी तुम्ही लिहा. मुलगा त्याप्रमाणे उत्तर देईल. आणि सोडून जाणाऱ्या प्रत्येकाला दोन ओळींचा दाखला द्या, त्याने कोणत्या मशीनवर काय केलं ते लिहून. सहीसकट पाच मिनिटांचं काम आहे.

सगळ्यात जास्त बोलावं लागतं ते अजून कुठेच न लागलेल्या मुलांशी. त्यांना वाटतं, आपण लिहिणार तरी काय. मध्यंतरी पुणे जिल्ह्यातल्या एका आयटीआयचे फिटरचे निदेशक आले आणि म्हणाले, “मॅडम, माझ्या वर्गासाठी एकदा या.” मी गेले. मुलांना म्हटलं, जॉब डायरी काढा. दोन वर्षांची डायरी प्रत्येकाकडे असतेच, पण ती गुणांसाठी, सरांची सही झाली की दप्तरात जाते. आम्ही ती पहिल्या पानापासून उघडली. हॅकसॉने कापणं, फायलिंग, ड्रिलिंग, टॅपिंग. पुढे स्क्वेअर फिटिंग, मग डोव्हटेल. ‘डोव्हटेल किती जणांचं पहिल्यांदा बसलं?’ विचारल्यावर हशा पिकला, कुणाचंच बसलं नव्हतं. मग एकाने सांगितलं, निळा रंग लावून कुठे घासतंय ते बघत बघत त्याने ते फाइलने कसं बसवलं. तो सांगत असताना वर्ग गप्प होऊन ऐकत होता, कारण प्रत्येकाने तेच केलेलं होतं. मी फळ्यावर त्याची दोन वाक्यं केली आणि म्हटलं, हा तुझ्या बायोडेटाचा पहिला भाग. टक्के खाली.

दुपारपर्यंत त्या वर्गातल्या प्रत्येकाकडे स्वतःच्या हाताने लिहिलेलं एक पान होतं. कुणाच्या पानावर आर्क वेल्डिंगचा थोडा सराव होता, कुणी सुट्टीत मामाच्या गॅरेजमध्ये इंजिन खोललेलं, एकाने गावच्या पाणीपुरवठ्याच्या पंपाचं ग्लँड पॅकिंग बदललेलं. दोन पानं एकसारखी नव्हती. निदेशकांशी ठरलंय की पुढच्या बॅचला हे दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच घ्यायचं, कारण अखेरच्या परीक्षेची वाट न बघता कंपन्या कॅम्पसला येतात, आणि तोवर डायरीतलं प्रत्येक काम मुलाच्या तोंडात बसलेलं असलं पाहिजे. बाहेरच्या डीटीपीवाल्या दादांनाही आम्ही त्या दिवशी चहाला बोलावलं होतं. त्यांनी ती जुनी फाइल उघडून दाखवली आणि विचारलं, यात नक्की काय काय बदलू.